कम्युनिटी कॉलेज : प्रवेश व विद्यार्थी-अर्थसाहाय्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन वर्षांपर्यंतच्या उच्च शिक्षणाची सार्वजनिक संस्था. माध्यमिक शाळेतील बारावी इयत्ता उत्तीर्ण झालेल्या कोणाही व्यक्तीस निवडपरीक्षेविना दाखल करून घेणे, शुल्क अल्प ठेवणे आणि शिक्षण घराजवळ उपलब्ध करून देणे, ही या संस्थेची तीन प्रमुख लक्षणे होत. मराठीत तिला सामुदायिक महाविद्यालय असे म्हणता येईल. पहिली दोन वर्षे येथे पूर्ण करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाणारे, परिचर्या, वाहनदुरुस्ती, लेखाकर्म यांसारखा व्यवसाय शिकणारे, आणि इंग्रजी भाषा किंवा अपुरे राहिलेले शालेय शिक्षण पुरे करू पाहणारे प्रौढ, अशा तीन प्रकारचे विद्यार्थी येथे एकत्र येतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाअंती ‘असोशिएट’ ही पदवी मिळते. देशात अशी सु. एक हजार महाविद्यालये आहेत.

या संस्थेच्या इतिहासात दोन प्रवाह आढळतात. पहिला प्रवेशाचा होय. त्याचा ओघ दार अधिकाधिक उघडे करण्याकडे राहिला. दुसरा अर्थसाहाय्याचा होय. गरजू विद्यार्थ्यास पैसा देत असतानाच त्याच्या गरजेचा पुरावा मागण्याकडे त्याचा कल राहिला. हे दोन प्रवाह वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कायद्यांतून निर्माण झाले व १९७२ नंतर एकत्र आले. प्रवेशास अट नाही, परंतु साहाय्यास पुष्कळ अटी आहेत, अशी जी विसंगत स्थिती आज दिसते, तिचे मूळ या इतिहासात आहे.

उगम : विद्यापीठीय शिक्षणातील पहिली दोन वर्षे ही वस्तुतः माध्यमिक शिक्षणाचाच उत्तरार्ध होत, हा विचार एकोणिसाव्या शतकात जर्मन शिक्षणपद्धतीच्या प्रभावाखाली अमेरिकेतील काही विद्यापीठप्रमुखांनी मांडला. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपल्या विद्यापीठात त्या दोन वर्षांचा वेगळा विभाग केला आणि १८९६ मध्ये त्यास ‘ज्युनियर कॉलेज’ हे नाव दिले. हार्पर यांचे स्नेही जे. स्टॅन्ली ब्राउन हे इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील माध्यमिक शाळेचे प्रमुख होते. त्यांच्या शाळेत १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांसाठी बारावीपुढील वर्ग सुरू झाले. आज अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालयांत जोलिएट हे सर्वांत जुने होय.

हार्पर यांचा मूळ हेतू विद्यापीठाची उच्च पातळी राखण्याचा होता. प्रारंभीच्या वर्षांचा भार अन्य संस्थांनी उचलल्यास विद्यापीठास संशोधन व उच्च अध्यापन यांकडे लक्ष देता येईल, अशी त्यांची धारणा होती. सामान्य जनतेस उच्च शिक्षण सुलभ करणे हा त्या योजनेचा परिणाम झाला. तो तिचा प्रमुख उद्देश नव्हता. या दुहेरी वारशामुळे ही संस्था विद्यापीठाकडे नेणारी पायरी आहे, की विद्यापीठापासून विद्यार्थ्यांना वळविणारी वाट आहे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालू राहिला.

ज्युनियर कॉलेजांचा खरा विस्तार कॅलिफोर्नियात झाला. माध्यमिक शाळांना बारावीपुढील अभ्यासक्रम चालविण्याची मुभा देणारा कायदा त्या राज्याने १९०७ मध्ये केला. फ्रेझ्नो येथे १९१० मध्ये पहिले वर्ग निघाले आणि १९२१ च्या कायद्याने अशा महाविद्यालयांसाठी स्वतंत्र जिल्हा-मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली. शाळेच्या व्यवस्थेतूनच ही महाविद्यालये निघाली असल्याने सार्वजनिक शाळेप्रमाणे स्थानिक करांतून खर्च चालविणे व रहिवाशांकडून शुल्क न घेणे ही प्रथा तेथे सहज रुजली. या महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना १९२० मध्ये स्थापन झाली.

मुक्तद्वार प्रवेश : दुसऱ्या महायुद्धानंतर या संस्थेचे नाव व ध्येय ही दोन्ही बदलली. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४६ मध्ये जॉर्ज एफ. झूक यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणविषयक आयोग नेमला. या आयोगाचा सहा खंडांचा अहवाल १९४७-४८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसंख्येतील किमान ४९ टक्के व्यक्ती चौदा वर्षांचे शिक्षण पुरे करण्याइतक्या बुद्धिमान असतात, असे अनुमान आयोगाने मांडले. यास्तव माध्यमिक शिक्षणाप्रमाणेच तेरावे व चौदावे वर्षही सर्वांस विनाशुल्क मिळावे, अशी शिफारस त्याने केली. अशा शिक्षणासाठी ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा त्याने पुरस्कारिली व ती रूढ झाली. आर्थिक स्थिती, वंश व धर्म हे उच्च शिक्षणातील अडसर होत, असे आयोगाने स्पष्टपणे नमूद केले.

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या बृहद् आराखड्याने या विचारास व्यवस्थेचे रूप दिले. क्लार्क केर हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. या आराखड्यानुसार माध्यमिक शाळेतील वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठाची, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांची आणि उर्वरित सर्वांना दोन वर्षांच्या महाविद्यालयांची दारे खुली करण्यात आली. योग्यता सिद्ध करणाऱ्यास पुढे विद्यापीठात जाता येईल, असे आश्वासनही त्यात होते. १९६० ते १९७० या दशकात देशात साडेचारशेहून अधिक नवी सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालये निघाली. नव्हाहो लोकांनी १९६८ मध्ये ॲरिझोनात स्थापन केलेले महाविद्यालय हे आदिवासी जमातीने स्वतः चालविलेले या प्रकारचे पहिले महाविद्यालय होय. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर १९७० मध्ये शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या सर्वांस प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले.

मुक्तद्वार प्रवेशाच्या मर्यादाही याच काळात दिसू लागल्या. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील एका ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यापीठात जाण्याची आकांक्षा धरून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना चाचण्या, समुपदेशन व पूर्वतयारीचे वर्ग यांच्या द्वारे हळूहळू लहान उद्दिष्टांकडे वळविले जाते आणि अपयशाचे कारण ते विद्यार्थी स्वतःतच शोधू लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. प्रवेशद्वारी परीक्षा नसली, तरी आत आल्यावर गणित व इंग्रजी या विषयांच्या स्थाननिश्चिती-चाचण्या होत. त्यांत कमी पडणाऱ्यास श्रेयांक न देणारे पूर्वतयारीचे वर्ग घ्यावे लागत. त्यांतच त्याचा वेळ व साहाय्याचा हक्क खर्ची पडे. या चाचण्या अनेक विद्यार्थ्यांना चुकीच्या वर्गात घालतात, असे एकविसाव्या शतकातील संशोधनातून पुढे आल्यावर फ्लॉरिडाने २०१३ मध्ये व कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायद्याने त्यांवर निर्बंध आणले.

अर्थसाहाय्याची पूर्वपीठिका : १९३० नंतरच्या महामंदीत राष्ट्रीय युवक प्रशासनाने (स्थापना १९३५) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अंशकालिक काम देऊन शिक्षण चालू ठेवण्यास मदत केली. तथापि संघराज्य शासनाच्या व्यापक साहाय्याचा प्रारंभ २२ जून १९४४ रोजी फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी संमत केलेल्या सैनिक पुनःस्थापन कायद्याने झाला. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. या कायद्यान्वये युद्धातून परतलेल्या सैनिकास वर्षास ५०० डॉलरपर्यंत शिक्षणशुल्क व दरमहा निर्वाहभत्ता मिळू लागला. सु. २२ लाख माजी सैनिकांनी या कायद्याच्या आधारे महाविद्यालयीन शिक्षण घेतले. १९४७ मध्ये देशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. यात गरजेचा पुरावा मागितलेला नव्हता. सेवा बजावल्याचा दाखला पुरेसा होता. दक्षिणेकडील राज्यांत मात्र वंशभेदामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना मोजक्याच संस्था खुल्या होत्या आणि त्यांची सामावून घेण्याची क्षमताही अपुरी होती. कायद्याने दिलेला हक्क व प्रत्यक्ष मिळालेला लाभ यांतील अंतराचे हे आरंभीचे उदाहरण होय. कोरियातील युद्धानंतरच्या १९५२ च्या कायद्याने शुल्क व निर्वाह यांसाठी एकत्रित मासिक रक्कम थेट सैनिकाच्या हाती देण्यास सुरुवात केली. त्यामुळे अल्प शुल्काच्या सार्वजनिक महाविद्यालयात जाणे त्यास अधिक किफायतशीर ठरले.

गरजेच्या मोजमापाची पद्धत शासनाने नव्हे, तर खाजगी महाविद्यालयांनी प्रथम विकसित केली. एकाच विद्यार्थ्यास आपल्याकडे ओढण्यासाठी शिष्यवृत्त्यांची चढाओढ करण्याऐवजी कुटुंबाच्या ऐपतीनुसार साहाय्य द्यावे, या हेतूने कॉलेज बोर्ड या संस्थेने १९५४ मध्ये शिष्यवृत्ती सेवा सुरू केली. कुटुंबाचे उत्पन्न, मालमत्ता व अवलंबी व्यक्तींची संख्या यांवरून ‘कुटुंबाकडून अपेक्षित वाटा’ काढण्याचे सूत्र तिने वापरात आणले. नियमित पगार, स्वतःचे घर व बँकेतील ठेव असलेले मध्यमवर्गीय कुटुंब हे या सूत्रामागे गृहीत होते. पुढे अगदी वेगळ्या परिस्थितीतील कुटुंबांनाही त्याच मापाने मोजण्यात आले.

सोव्हिएट रशियाने १९५७ मध्ये कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याने विद्यार्थ्यांना तीन टक्के व्याजाने वर्षास १,००० डॉलरपर्यंत कर्ज देण्याची सोय केली. यानंतर १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने श्रम-अध्ययन योजना आणली. तिच्यात विद्यार्थी महाविद्यालयातच काम करून वेतन मिळवू लागले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी, आपण स्वतः जेथे शिकलो त्या टेक्सासमधील सॅन मार्कस येथील महाविद्यालयात, उच्च शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याच्या चौथ्या प्रकरणात अनुदान, शासनाची हमी असलेले कर्ज व श्रम-अध्ययन ही साहाय्याची तिन्ही साधने एकत्र आली. ते प्रकरण आजही या व्यवस्थेचा पाया आहे. मात्र अनुदानाचा पैसा प्रथम महाविद्यालयाकडे जाई व कोणास द्यावयाचे ते महाविद्यालय ठरवी. ज्या संस्थेत साहाय्य कार्यालयच नव्हते किंवा एखादाच लिपिक होता, तेथील विद्यार्थ्यांस याचा लाभ अल्प होई. नव्याने निघालेली बहुतेक सामुदायिक महाविद्यालये या वर्गात मोडत.

१९७२ चा कायदा व पेल अनुदान : उच्च शिक्षणाला संघराज्याचा पैसा द्यावयाचा, तर तो संस्थांना द्यावा की विद्यार्थ्यांना, हा १९७० नंतरचा प्रमुख वाद होता. संस्थांना साहाय्य देण्याचा पक्ष प्रतिनिधिगृहात ऑरेगनच्या एडिथ ग्रीन यांनी मांडला, तर ऱ्होड आयलंडचे सेनेटर क्लेबॉर्न पेल यांनी विद्यार्थ्याच्या हक्काची बाजू घेतली. पेल यांचा पक्ष सरस ठरला. २३ जून १९७२ रोजी रिचर्ड निक्सन यांनी संमत केलेल्या दुरुस्ती कायद्याने ‘मूलभूत शैक्षणिक संधी अनुदान’ निर्माण केले. १९८० मध्ये त्यास पेल यांचे नाव देण्यात आले. १,४०० डॉलर ही कमाल रक्कम धरून त्यातून कुटुंबाचा अपेक्षित वाटा वजा करावयाचा व उरलेली रक्कम विद्यार्थ्यास द्यावयाची, असे त्याचे सूत्र होते. हे अनुदान विद्यार्थ्याबरोबर जाई. तो ज्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेई, तेथे ते त्यास मिळे. १९७३-७४ या पहिल्या वर्षी तरतूद अपुरी असल्याने केवळ प्रथम वर्षाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचाच विचार झाला आणि कमाल रक्कम ४५२ डॉलर राहिली. सु. १ लाख ७६ हजार विद्यार्थ्यांस त्याचा लाभ मिळाला. दोनच वर्षांत ही मर्यादा १,४०० डॉलरपर्यंत पोहोचली.

सामुदायिक महाविद्यालयांच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व मोठे होते. अंशकालिक विद्यार्थी व व्यवसायशिक्षण घेणारे विद्यार्थी कायद्याच्या कक्षेत आले. मुक्तद्वार प्रवेश व हक्काचे अनुदान ही दोन तत्त्वे प्रथमच एकाच विद्यार्थ्याच्या ठायी एकत्र आली. तथापि शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक अनुदान देऊ नये, अशी अट कायद्यात होती. ज्या महाविद्यालयाचे शुल्क कमी, तेथील विद्यार्थ्याचे अनुदानही त्यामुळे कमी होई. म्हणजे ज्याने सर्वांत स्वस्त शिक्षण निवडले, त्यालाच या अटीचा फटका बसे. पुढे ही अट टप्प्याटप्प्याने शिथिल होऊन रद्द झाली.

शुल्काचा शिरकाव : अनुदान वाढत असतानाच विनाशुल्क शिक्षणाची परंपरा खंडित होऊ लागली. न्यूयॉर्क शहराच्या १९७५ च्या आर्थिक संकटानंतर तेथील विद्यापीठाने १९७६ मध्ये शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ ने मालमत्ता करावर मर्यादा घातली आणि सामुदायिक महाविद्यालयांचा स्थानिक आधार निखळला. १९८४ मध्ये तेथे प्रत्येक श्रेयांकास ५ डॉलर व सत्रास जास्तीत जास्त ५० डॉलर असे शुल्क प्रथम लागू झाले. त्याबरोबरच गरीब विद्यार्थ्यांस शुल्कमाफीही देण्यात आली. परंतु माफीसाठी अर्ज आवश्यक ठरला. पूर्वी जेथे सर्वांस समान व विनाअट शिक्षण मिळे, तेथे आता गरिबाने आपण गरीब असल्याचे सिद्ध करणे भाग पडले. शुल्काच्या रकमेपेक्षा हा बदल अधिक मूलगामी होता. २०१२ पासून कॅलिफोर्नियात प्रत्येक श्रेयांकास ४६ डॉलर शुल्क आहे.

अर्जाचा इतिहास : १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यास संघराज्य, राज्य व महाविद्यालय यांचे निरनिराळे अर्ज भरावे लागत. फ्रान्सिस केपेल यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कृतिदलाने १९७५ च्या सुमारास एकाच समाईक अर्जाची आवश्यकता प्रतिपादन केली. १९८६ च्या दुरुस्तीने वयाची २४ वर्षे पूर्ण केलेल्यास स्वतंत्र विद्यार्थी मानण्याचे ठरले. त्याहून लहान अविवाहित विद्यार्थ्यास, काही अपवाद वगळता, आईवडिलांच्या उत्पन्नाचा तपशील देणे आवश्यक झाले. घर सोडून राहणाऱ्या किंवा आईवडिलांनी माहिती देण्याचे नाकारलेल्या तरुणांना ही अट विशेष जाचक ठरली. १९९२ च्या कायद्याने ‘संघराज्य विद्यार्थी-साहाय्याचा विनामूल्य अर्ज’ निर्माण केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास फॅफ्सा म्हणतात. १९९७ पासून तो महाजालावर भरता येऊ लागला.

साहाय्य मिळविण्याचा क्रम साधारणपणे असा असतो : विद्यार्थी महाविद्यालयात नाव नोंदवितो; फॅफ्सा भरून त्यात आपल्या महाविद्यालयाचा उल्लेख करतो; शिक्षण विभाग प्राप्तिकराच्या माहितीवरून त्याची गरज ठरवून निष्कर्ष महाविद्यालयाकडे धाडतो; महाविद्यालयाचे कार्यालय अनुदान, काम व कर्ज यांचा मिळून प्रस्ताव देते. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात व त्यांबाबत अधिक कागदपत्रे मागविली जातात. दरम्यान शुल्क भरण्याची मुदत संपल्यास अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्याचे नाव वर्गातून कमी होते. पुढेही समाधानकारक प्रगती राखावी लागते आणि सत्राचा साठ टक्के काळ पूर्ण होण्याआधी अभ्यास सोडल्यास मिळालेल्या साहाय्याचा काही भाग परत जातो. हा हिशेब घरातील आजारपण, नोकरीच्या वेळांतील बदल किंवा मुलांची देखभाल यांमुळे अभ्यास सोडावा लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या अंगावर येतो.

अर्जाची क्लिष्टता हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही, हे एका प्रयोगाने स्पष्ट केले. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग, फिलिप ओरिओपोलस व लिसा सॅनबोनमात्सू या संशोधकांनी २००८ मध्ये ओहायो व नॉर्थ कॅरोलायना राज्यांत करविवरण भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत हा प्रयोग केला. काही कुटुंबांस करविवरणातील माहितीच्या आधारे फॅफ्सा तेथल्या तेथे भरून देण्यात आला, तर काहींस साहाय्याविषयी केवळ माहिती देण्यात आली. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्या कुटुंबांतील शालान्त विद्यार्थ्यांपैकी पुढील तीन वर्षांत दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. केवळ माहिती मिळालेल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे उणीव इच्छेची नव्हती व केवळ माहितीचीही नव्हती. अर्ज हाच अडसर होता.

अर्ज सुलभ करण्याचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. कुटुंबाच्या अपेक्षित वाट्याऐवजी ‘विद्यार्थी-साहाय्य निर्देशांक’ वापरणे, प्राप्तिकर विभागाकडून माहिती थेट घेणे व प्रश्नांची संख्या शंभराहून अधिक होती ती पन्नासाच्या आत आणणे, या त्यातील प्रमुख सुधारणा होत. अंमलबजावणी मात्र सदोष झाली. २०२४-२५ या वर्षाचा अर्ज नेहमीप्रमाणे १ ऑक्टोबर रोजी न निघता ३० डिसेंबर २०२३ रोजी, तोही दिवसातून थोडा वेळच, उपलब्ध झाला. ज्यांच्या आईवडिलांस सामाजिक सुरक्षा क्रमांक नव्हता, त्या विद्यार्थ्यांना तो पुरा करणे दीर्घकाळ अशक्य झाले. महाविद्यालयांना निष्कर्ष मार्च २०२४ पर्यंत मिळाले नाहीत. पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राकडे आलेल्या ५४ लाख दूरध्वनींपैकी सु. ४० लाखांस उत्तर मिळाले नाही, असे शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने पुढे दाखवून दिले. २०२५-२६ चा अर्ज टप्प्याटप्प्याने नोव्हेंबर २०२४ पर्यंत सर्वांस खुला झाला व २०२६-२७ चा वेळेवर निघाला.

याच काळात मुक्तद्वार प्रवेशाचा गैरफायदाही घेतला जाऊ लागला. विशेषतः कॅलिफोर्नियात २०२१ पासून बनावट विद्यार्थ्यांच्या नावे अर्ज करून साहाय्याची रक्कम लाटण्याचे प्रकार उघडकीस आले. त्यामुळे ओळख पडताळणीचे नियम २०२५ मध्ये अधिक कडक झाले. सुलभता व सावधगिरी यांतील हा ताण या व्यवस्थेत सतत राहिला आहे.

विनाशुल्क शिक्षणाचा पुनर्विचार : टेनेसी राज्याने २०१४ मध्ये कायदा करून २०१५ पासून शालान्त विद्यार्थ्यांना सामुदायिक महाविद्यालयात शुल्काविना शिक्षणाचे आश्वासन दिले. अन्य अनुदाने वजा जाता शुल्काची जी रक्कम उरेल, ती राज्य भरते. यासाठी फॅफ्सा भरणे व समाजसेवेचे काही तास पूर्ण करणे आवश्यक असते. प्रत्येक विद्यार्थ्यास एक मार्गदर्शक दिला जातो व तो अर्ज भरण्यास मदत करतो. योजनेच्या यशात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. बराक ओबामा यांनी जानेवारी २०१५ मध्ये अशीच राष्ट्रीय योजना मांडली. तथापि ती संमत झाली नाही. २०२१ मधील तशाच प्रस्तावाचेही तेच झाले. विनाशुल्क शिक्षणाने सर्व प्रश्न सुटत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. २०२४-२५ मध्ये सामुदायिक महाविद्यालयाचे सरासरी वार्षिक शुल्क सु. ४,०५० डॉलर व पेल अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. सर्वांत गरीब विद्यार्थ्याचे शुल्क अनुदानातूनच भागते. घरभाडे, अन्न, प्रवास व पाल्यसंगोपन यांचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो. त्यासाठी तो नोकरी करतो, नोकरीमुळे कमी विषय घेतो आणि कमी विषयांमुळे त्याचे अनुदानही घटते. २०२५ च्या कायद्याने काही अल्पमुदतीच्या व्यवसाय-अभ्यासक्रमांस १ जुलै २०२६ पासून पेल अनुदान देण्याची तरतूद केली आहे.

भारताशी संबंध : १९६५ च्या शरद ऋतूत, उच्च शिक्षण कायद्यापूर्वी अवघे पाच आठवडे, अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा संमत झाला व भारतीयांस, त्यांत मराठी भाषकांसही, तेथे कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा झाला. कायम रहिवासाचा परवाना असलेल्यास नागरिकाप्रमाणेच संघराज्याचे साहाय्य मागता येते. विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यास किंवा तात्पुरत्या नोकरीवरील व्यक्तीच्या अवलंबी कुटुंबीयास सामुदायिक महाविद्यालयात प्रवेश मिळू शकतो. परंतु हे साहाय्य मिळत नाही. भारतात या नावाची पहिली संस्था १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने स्थापन केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना आखली. तिच्यात महाराष्ट्रातील काही महाविद्यालयेही होती. भारतीय योजनेचा भर कौशल्यशिक्षणावर राहिला. विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाकडे नेणारे स्वतंत्र दोन वर्षांचे महाविद्यालय हे अमेरिकी संस्थेचे प्रमुख अंग येथे रुजले नाही.

मूल्यमापन : विद्यापीठाचा भार हलका करण्यासाठी योजलेली ही संस्था शतकभरात अमेरिकी समाजातील कामगार, स्थलांतरित, माता झालेल्या स्त्रिया व उशिरा शिक्षणाकडे वळलेले प्रौढ यांची प्रमुख उच्च शिक्षणसंस्था झाली, हे तिचे मोठे यश होय. कोणास आत घ्यावयाचे या प्रश्नाचे उत्तर तिने उदारपणे दिले. खर्च कोणी व कोणत्या अटींवर सोसावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र सार्वजनिक शाळेच्या तत्त्वाकडून व्यक्तीच्या गरजेच्या मोजमापाकडे सरकत गेले. परिणामी ज्याच्याजवळ वेळ, कागदपत्रे व जाणकार माणसांचा आधार सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त सिद्ध करावे लागते. जी. आय. बिलाने सेवेचा एक दाखला पुरेसा मानला व लक्षावधी माणसे शिकली. २००८ च्या प्रयोगात अर्ज भरून देणारा माणूस भेटल्यावर मुले महाविद्यालयात पोहोचली. या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे : शिक्षणाचा हक्क कायद्याने दिल्यानंतरही, तो मिळविण्याची रीत सोपी असणे हा त्या हक्काचाच एक भाग होय.